धरण जागेवर आहे

“चारच ओळी आहेत. वाचून टाका आणि मोकळ्या व्हा,” टापरे म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला.

मी वाचला. ‘पिंपळदरी धरण पूर्णपणे सुरक्षित असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ खाली कार्यकारी अभियंता कुरळकर यांची सही आणि गोल शिक्का. तेवढ्यात खिडकीखालून एक ट्रॅक्टर गेला. त्याच्या ट्रॉलीत एक लोखंडी कपाट होतं, कपाटाला दोरीनं बांधलेली शिलाई मशीन होती आणि मशीनला धरून एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर अख्खा देव्हारा होता.

“कुरळकर साहेबांशी कोणी बोललं का?” मी विचारलं.

“सही आहे ना खाली.”

“पण धरण कोणी पाहिलं?”

टापरेंनी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न त्यांना माझ्याकडून रोजच ऐकावा लागायचा.

मी तेव्हा दारवखेडच्या ‘वार्तादीप’ नावाच्या केबल वाहिनीवर बातम्या वाचत असे. सकाळी अध्यापक विद्यालयात मराठी शिकवायची आणि संध्याकाळी टापरेंच्या भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, निळ्या पडद्यासमोर बसून बातम्या द्यायच्या. विलास टापरे वाहिनीचे मालक, संपादक आणि भांड्यांचे व्यापारी. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, पण माझ्या एका सवयीचा त्यांना फार त्रास होता. आपल्यापैकी कोणी पाहिलं असेल तर ‘पाहिलं’ म्हणायचं, कोणी सांगितलं असेल तर त्याचं नाव घ्यायचं आणि कळलं नसेल तर ‘आम्हाला माहीत नाही’ असं सरळ सांगायचं, अशी माझी पद्धत होती. शेवटच्या वाक्याला त्यांची कायमची हरकत. “मॅडम, माहीत नाही हे लोकाले घरीच समजते,” ते म्हणायचे. “त्याच्यासाठी टीव्ही कशाले पाह्यजे?”

त्या दिवशी दुपारी गावात बोलणं सुरू झालं की पिंपळदरीच्या धरणाला भेग पडली. ऑगस्ट संपत आला होता, धरण काठोकाठ भरलं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटत होतं. दूध संकलन केंद्रावरच्या माणसानं ते बसच्या कंडक्टरकडून ऐकलं होतं, आणि कंडक्टरनं दूध संकलन केंद्रावर. नगरपालिकेनं लगेच भोंगा लावलेली रिक्षा फिरवली. धरण फुटल्याच्या अफवेवर विश्वास ठेवू नका, असं ती गल्लोगल्ली सांगत होती. ज्यांना अफवा माहीत नव्हती, त्यांना ती या रिक्षामुळे कळली. मग बाजार बंद झाला आणि माणसं कपाटं उचलायला लागली.

मी कुरळकरांच्या घरी फोन लावला. शेजारच्या बाईंनी उचलला. त्या झाडांना पाणी घालायला आल्या होत्या. साहेब वहिनींना आणि मुलांना घेऊन अमरावतीला गेले, असं त्यांनी सांगितलं. केव्हा गेले, असं विचारल्यावर म्हणाल्या, मघाशीच, कुठल्याशा कागदावर सही केली आणि गाडीत बसले.

मी हे टापरेंना सांगितलं. त्यांनी कागद उचलून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, “मग तर सहीच महत्त्वाची. माणूस गेला तरी सही इथं आहे.”

मी तहसीलदार पाचपोर साहेबांना फोन केला. ते भले गृहस्थ होते. कागदावरचं सगळं खरं आहे, निःशंकपणे वाचा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. तुम्ही स्वतः धरण पाहून आलात का, असं मी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज खाली आला.

“मॅडम, मी इथून हलू कसा? मी हललो तर लोक म्हणतील, तहसीलदार पळाला.”

त्यांच्या आवाजामागे जीपचं इंजिन चालू असल्याचं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

मी पदर खोचला आणि मोहोडला म्हटलं, “गाडी काढ. धरणावर जाऊ.”

सुधाकर मोहोड आमचा कॅमेरामन. त्याचा खरा धंदा लग्नांच्या शूटिंगचा. त्यामुळे तो अपघात असो की उपोषण, पहिल्यांदा फुलांवर कॅमेरा न्यायचा आणि तिथून हळूहळू माणसांवर यायचा. त्याची बायको आणि आई गावातच होत्या. मोटरसायकलला किक मारताना त्याचा चेहरा उतरलेला होता. गावाबाहेर पडलो तेव्हा त्यानं मान मागे वळवून विचारलं, “मॅडम, फुटलं असलं तं?”

“तर शूट करायचं.”

“आन नसलं फुटलं तं?”

“तेही शूट करायचं.”

त्यानं एक बैलगाडी ओलांडली. मग त्यानं विचारलं, “नसलं फुटलं, तं शूट काय करू?”

गाव सोडून निघालेल्या माणसांमधून वाट काढण्यातच आमचा जीव जात होता. डोक्यावर गाद्या, बैलगाडीत फ्रिज, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पिठाची टाकी. आम्ही धरणावर चाललो आहोत हे ऐकून लोक आमच्याकडे दयेनं बघत होते. एका माणसानं सायकलवरून उतरून आम्हाला हात जोडले.

नाका ओलांडून धरणाच्या रस्त्याला लागलो आणि रस्ता रिकामा झाला. ते रिकामेपण गर्दीपेक्षा वाईट होतं. वळणावरून भिंत दिसायच्या आधी मोहोडनं करकचून ब्रेक मारला. झाडांच्या वर, बरोबर धरण असायला हवं तिथून, धूर निघत होता.

“धरणातून धूर निंगते काय हो मॅडम?” तो हळूच म्हणाला.

धरणातून धूर निघत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गाडीवरून उतरले नाही आणि पुढे चल असंही म्हटलं नाही. शेवटी त्यानंच गाडी पुढे घेतली.

धरणाच्या फाटकाला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं की हे प्रतिबंधित क्षेत्र आहे आणि कार्यकारी अभियंत्यांच्या परवानगीशिवाय आत जाता येणार नाही. परवानगी देणारा माणूस अमरावतीच्या वाटेवर होता. आम्ही फाटकाला वळसा घालून देवळाच्या पायवाटेनं खाली उतरलो.

भिंतीच्या अगदी पायथ्याशी महादेवाचं छोटं देऊळ आहे. तिथे पेटलेल्या गोवऱ्यांच्या मोठ्या ढिगात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत होते. सतरंज्यांवर पंगत बसली होती. बाया वांग्याची भाजी वाढत होत्या, पोरं भिंतीच्या गवताळ उतारावरून घसरगुंडी खेळत होती आणि एका नुकतंच डोकं भादरलेल्या बाळाला सगळे आळीपाळीनं कडेवर घेत होते. जावळाचा कार्यक्रम होता. मोबाइल तेव्हा नुकतेच आले होते आणि गावाबाहेर गेलं की त्यांचं नुसतं घड्याळ व्हायचं, त्यामुळे या मंडळींना सकाळपासून कुठलीच खबर नव्हती.

बाळाचे आजोबा, नामदेवराव इंगोले, खांद्यावरचा टॉवेल सावरत पुढे आले. त्यांनी मला ओळखलं आणि जेवायला बसण्याचा आग्रह सुरू केला.

“तुम्हाला काही कळलं नाही का?” मी विचारलं.

“कायचं?”

“गावात म्हणतात धरण फुटलं.”

“कोणतं?”

“हेच.”

इंगोलेंनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “हे तं आमच्या डोक्यावर हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं, ते हसतील. पण बोलणं पंगतीत पसरलं आणि वाढणाऱ्या बायांचे हात थांबले. एकजण भिंतीकडे बघत बघतच पत्रावळीवरून उठला. गावातले लोक पळाले म्हणजे काहीतरी असेलच, विनाकारण कोणी घर सोडतं का, असं तो म्हणायला लागला. मी त्याला भिंत दाखवली. भिंत तर मलाही दिसते, तो म्हणाला, पण गाव पळालं त्याचं काय? दोन-तीन जण त्याच्या बाजूनं झाले. शेवटी इंगोलेंनी ठरवलं की देवाचं जेवण अर्धवट सोडायचं नाही. पंगत उरकू द्यावी, मग ज्याला पळायचं त्यानं पोटभर जेवून पळावं. हे सगळ्यांना पटलं.

मोहोड आणि मी पायऱ्यांनी भिंतीवर चढलो. एका बाजूला पाणी, शांत, आभाळाच्या रंगाचं. दुसऱ्या बाजूला गवत आणि खाली पंगत. आम्ही भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. मला कुठेही भेग दिसली नाही. खाली उतरलो तेव्हा मात्र देवळाच्या डाव्या बाजूला, दगडांमधून पाणी झिरपताना दिसलं. फार नव्हतं. एक ओहोळ होता, गवतातून वाट काढत नाल्याकडे जाणारा.

हे नेहमीचं आहे का, असं मी इंगोलेंना विचारलं. ते म्हणाले, आम्ही देवाला येतो, तिकडे कोण पाहतं. एक बाई म्हणाली, पहिल्यापासूनच आहे. तिची जाऊ म्हणाली, होतं, पण एवढं नव्हतं. त्यावरून दोघींचं वाजलं.

मी परत भिंतीवर जाऊन उभी राहिले. मोहोडनं कॅमेरा सुरू केला आणि मी बोलले ते आजही मला तसंच्या तसं आठवतं.

“मी पिंपळदरी धरणाच्या भिंतीवर उभी आहे. धरण जागेवर आहे. आम्ही भिंतीवरून पूर्ण चालत गेलो, आम्हाला कुठेही भेग दिसली नाही. भिंतीच्या पायथ्याशी, देवळाच्या डाव्या बाजूला, एका ठिकाणी पाणी झिरपतं आहे. ते नेहमीचं आहे की नवीन, हे आम्हाला माहीत नाही. सांगू शकतील असे अभियंता कुरळकर गावात नाहीत. त्यांचे शेजारी म्हणतात, ते अमरावतीला गेले.”

मोहोडनं ओहोळ शूट केला, भिंत शूट केली, आणि मी नको म्हणत असताना देवळाच्या दारावरचं झेंडूचं तोरणही शूट केलं. मग आम्ही परत निघालो.

धरणाचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या नाक्यावर उंचवटा आहे. तिथे एक ढाबा होता. गाव रिकामं करून निघालेले लोक तिथेच अडकले होते. ट्रॅक्टर, बैलगाड्या, टेम्पो एकमेकांत असे घुसले होते की कोणालाच पुढे जाता येत नव्हतं. आमची मोटरसायकल गर्दीत शिरली आणि एका टेम्पोवर गाठोड्यांच्या ढिगावर बसलेल्या बाईनं हात लांब करून माझ्याकडे दाखवलं.

“थे पाहा. बातमीवाल्या बाईबी पळून रायल्या.”

ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत गर्दीभर पसरलं. मागच्या लोकांनी सामान खाली टाकलं आणि पोरं उचलली. मी गाडीवर उभी राहून ओरडले की मी पळत नाही, मी धरणावरून येते आहे.

“मंग पाणी कुठवर आलं?” कोणीतरी विचारलं.

“पाणी आलेलं नाही. धरण जागेवर आहे. मी भिंतीवर जाऊन आले.”

“मंग पळून काहून रायल्या?”

मी गाडीवरून उतरले. पर्समधली कॅसेट मोहोडच्या खिशात घातली आणि त्याला म्हटलं, तू शेतातून जा, काहीही करून हे टापरेंना दे आणि ताबडतोब लावायला सांग. मी इथेच थांबते. मी पळालेली नाही, हे निदान लोकांना दिसत तरी राहील.

टेम्पोवरच्या बाईचं नाव देवकाबाई सपकाळ. तिनं मला गाठोड्यावर जागा करून दिली. तिचा नवरा टेम्पो चालवायचा आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपी गेला होता. मी तिला सगळं पाहिलेलं सांगितलं. पंगत, भिंत, ओहोळ, सगळं. तिनं मन लावून ऐकलं. आजूबाजूचे दहा-पंधरा जणही वाकून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “तुमी म्हणता तं खरं असंन बाई. पण टीव्हीवर येऊ द्या.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

ढाब्याच्या भिंतीवर टीव्ही होता. आमची केबल तिथपर्यंत यायची. अंधार पडायला लागला होता तेव्हा कोणीतरी ओरडलं आणि सगळे आत घुसले. मीही त्यांच्यामागे गेले. मी शेजारच्याला सांगत होते की हे आजचंच आहे, आत्ताच काढलेलं. त्यानं माझ्याकडे न बघता तोंडावर बोट ठेवलं.

“शूऽ. बाई बोलून रायल्या.”

पडद्यावर पहिल्यांदा झेंडूचं तोरण आलं. तिथून हळूहळू भिंत आली आणि भिंतीवर मी. केस उडत होते, पण मी शांत दिसत होते. “धरण जागेवर आहे,” मी म्हणाले. “आम्ही भिंतीवरून पूर्ण चालत गेलो, आम्हाला कुठेही भेग दिसली नाही.” आणि चित्र थांबलं. माझं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यावर टापरेंच्या आवाजात कुरळकरांचा कागद सुरू झाला. धरण पूर्णपणे सुरक्षित असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. मग टापरेंच्या दुकानातल्या पितळी हंड्यांची जाहिरात लागली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी हात जोडले. एकानं टीव्हीच्या पाया पडायला वाकून स्वतःला सावरलं.

“थांबा,” मी म्हणाले. “यात अजून एक वाक्य होतं. ते कापलं आहे. पायथ्याशी एका ठिकाणी पाणी झिरपतं आहे. ते काय आहे, हे मला माहीत नाही.”

सगळे माझ्याकडे वळले. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. त्यांचा स्वर समजुतीचा होता.

“ताई, टीव्हीवर तुमी सोता सांगून रायल्या का सगळं ठीक हाय. आन इथं उभं राहून म्हणता पाणी झिरपते. याच्यातलं खरं कोणतं?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं असंन?” त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात मला म्हणाले, “थ्या टीव्हीतल्या बाई शांत हायेत. तुमी घाबरल्यासारख्या दिसता. घरी जा. जरा पडा.”

नोकरीत इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी बोलत होते, ती सगळी माणसं समोर होती, त्यांच्यात आणि माझ्यात काच नव्हती, आणि माझं त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

गाड्या वळायला लागल्या. गाव घरी निघालं. देवकाबाईनं मला टेम्पोत घेतलं. त्यांच्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा तिथे बरीच वाहनं आली होती. मी उतरले आणि जाता जाता सहज मागे पाहिलं. कोणीही दोर सोडत नव्हतं. कपाटं, गाद्या, टाक्या, सगळं जसंच्या तसं गाड्यांवर बांधलेलं होतं आणि प्रत्येक गाडीचं तोंड गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे केलेलं होतं.

“सामान उतरवत नाही का?” मी देवकाबाईला विचारलं.

“राहू द्या ना बाप्पा,” ती नजर चुकवत म्हणाली. “सकाळी पाहू.”

मी पायी वाहिनीवर आले. खाली भांड्यांचं दुकान उघडं होतं, पण फळ्या रिकाम्या होत्या. हंडे, घागरी, पराती, काहीच नव्हतं. मागच्या गल्लीत ताडपत्री घातलेला ट्रक उभा होता आणि ताडपत्रीच्या फटीतून पितळ चमकत होतं. त्याचंही तोंड बाहेरच्या रस्त्याकडे होतं.

वर टापरे खुशीत होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. “मॅडम, तुमच्या एका चेहऱ्यानं गाव परत आणलं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी हेच सांगत होतो. लोकाले बातमी नको असते. धीर पाह्यजे असतो.”

“माझं वाक्य का कापलं?”

“त्या वाक्यानं पुन्हा पळाले असते.”

“टापरेभाऊ, तुमची भांडी ट्रकमध्ये का आहेत?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले की आठच्या बातम्यांत कुरळकरांचा कागद पुन्हा वाचायचा आहे, तेवढाच. तहसीलदारांचा फोन येऊन गेला, घबराट पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल असं त्यांनी कळवलंय. मी म्हटलं, मी पाहिलं तेवढं सांगणार, आणि पूर्ण सांगणार.

“मग उद्यापासून येऊ नका,” ते म्हणाले. रागावून नाही. थकून म्हणाले.

“बरं,” मी म्हटलं आणि निळ्या पडद्यासमोर जाऊन बसले. विद्यालयातली नोकरी तात्पुरती होती, हे वर्ष संपलं की तीही जाणार होती. मोहोडनं कॅमेऱ्यामागून मला विचारलं, “मॅडम, नक्की?” मी मान हलवली. त्याला एका बटणानं सगळं बंद करता आलं असतं, आणि टापरेंनाही. टापरे भिंतीला टेकून उभे होते.

लाल दिवा लागला. मी नमस्कार केला आणि सांगितलं की मघाशी दाखवलेलं माझं बोलणं अर्धं होतं, आता पूर्ण सांगते. धरण जागेवर आहे. भेग दिसली नाही. देवळाच्या डाव्या बाजूला पाणी झिरपतं आहे. ते नेहमीचं की नवं, आम्हाला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं ते गावात नाहीत.

“डावी म्हंजे कोणती डावी?”

मी दचकले. टापरे बोलले होते. कॅमेरा चालू होता आणि ते भिंत सोडून पुढे आले होते. त्यांचा तोल गेल्यासारखा झाला होता.

“देवळाकडे तोंड केल्यावर डावी,” मी म्हटलं.

“आन पाणी किती? तांब्याएवढं का बादलीएवढं?”

“एका नळाएवढं असेल.”

“नळ पुरा सोडलेला का अर्धा?”

“अर्धा.”

टापरेंनी हा हिशोब मनाशी केला. मग कॅमेऱ्याकडे न बघता, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मग सकाळी जाऊन पाहूनच येऊ. आपून सगळेच.” त्यांना कळलं की आपण बातम्यांत बोलून बसलो. ते मागे सरले आणि भिंतीला टेकले. मी बाकीच्या बातम्या वाचल्या. त्यात शाळांच्या कबड्डी स्पर्धेचा निकाल होता.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी जवळजवळ अख्खं गाव धरणावर गेलं. डबे घेऊन, पोरंबाळं घेऊन. फाटकाचं कुलूप तसंच राहिलं, लोक देवळाच्या वाटेनं गेले. पाचपोर साहेबही जीप घेऊन आले. त्यांनी अमरावतीला निरोप धाडला आणि दुपारपर्यंत कुरळकरांना यावं लागलं. हातात काठी घेऊन ते त्या ओहोळापाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला तेच तेच समजावत राहिले. भिंतीत मुरणारं पाणी बाहेर काढून द्यायची ती सोयच होती, बांधतानाच केलेली. म्हणजे त्यांचा कागद खरा होता. फक्त त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. माझ्यावर गुन्हा वगैरे काही दाखल झाला नाही. उद्यापासून येऊ नका, हे टापरेही विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. मी पुढे तीन वर्षं तिथे बातम्या वाचल्या.

पण त्या संध्याकाळी बातम्या संपल्या तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी घाबरत घाबरत जिना उतरले. गाव पुन्हा पळायला लागलं असणार आणि या खेपेला ते माझ्यामुळे, असं मी धरून चालले होते. मोठ्या रस्त्यावर कोणी नव्हतं. पुढे गल्लीच्या तोंडाशी आले तर आतून आरडाओरडा ऐकू आला. मी थांबले. मग हळूहळू पुढे गेले.

लोक दोर सोडत होते. कपाट उतरवताना ‘धर, धर, डावीकडून धर’ असं चाललं होतं. गाद्या घरात चालल्या होत्या, पिठाच्या टाक्या चालल्या होत्या. देवकाबाईचा नवरा टेम्पोवर उभा राहून गाठोडी खाली टाकत होता आणि ती झेलत होती.

“आता कसं काय उतरवायला लागलात?” मी विचारलं. “मी तर वाईटच सांगितलं.”

ती गाठोडं कमरेवर घेऊन उभी राहिली.

“पह्यले तुमी म्हणल्या सगळं ठीक हाय,” ती म्हणाली. “इतकं ठीक कधी असते का बाई कुठं? तवाच मनात आलं, हे काहीतरी दडवून रायले. आता समजलं काय ठीक नाई ते. आता झोप येईन.”

ती घरात निघाली. उंबऱ्यावर थांबून तिनं मागे पाहिलं. “थांबा. ढाब्यावर तुमी हेच सांगून रायल्या होत्या काय?”

“हो.”

“मंग जरा मोठ्यानं सांगायचं ना,” ती म्हणाली आणि गाठोडं घेऊन आत गेली.